मफलर

दवाखान्याच्या खिडकीतून हिमनग दिसतो,
परवापासून उथळ पाण्यात बूड टेकवून बसलेला.
अ‍ॅम्ब्रोझ पार्डी म्हणतो, "माझ्यासारखाच.
दिसतो त्याहून खाली जास्त."
रुग्णाच्या वजनावर हसायचं नसतं.
मी हसते. शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर होता.

ट्विलिंगेटहून निघणाऱ्या बोटींवर
तीस वर्षं स्वयंपाकी.
वादळातही पातेलं कलंडू दिलं नाही,
आणि उरलेलं कधी समुद्रात टाकलं नाही.
आता गुडघे बोलतात.
रात्री बायको त्याचा अडकलेला श्वास मोजत बसते.

मी सरावाचं रिकामं पेन त्याच्या हातात देते.
आठवड्यातून एकदा. वार ठरव.
"रविवार. चर्चहून आल्यावर."
पोट किंवा मांडी, दर वेळी जागा थोडी सरकव.
फ्रिजमध्ये ठेव, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही.
गोठलं की संपलं, वितळवून चालत नाही.
आधी अगदी लहान मात्रा. मग पायरी पायरीनं वर,
आणि पायरी डॉक्टर सांगतील तेव्हा,
मेव्हणा सांगेल तेव्हा नव्हे.
"मेव्हण्यानं तर गाडीतळावर कुणाकडून घेतलं,
अर्ध्या किमतीत."
डबीवर औषधाचं नाव तरी बरोबर लिहिलंय का, बघून ये.

मळमळेल. पहिल्यांदा बोटीवर चढलास तेव्हाची आठव.
"तेव्हा मी तीन दिवस बादलीला मिठी मारून होतो."
एवढं झालं तर मला फोन कर.
थोडं थोडं खा. पाणी विसरू नकोस.
मासा, अंडी, डाळी सोडू नकोस, आणि वजनं उचल,
नाहीतर चरबीबरोबर दंडही उतरतील.
पोटातली कळ पाठीत घुसली आणि थांबेना,
तर माझी वाट बघू नकोस. सरळ हॉस्पिटल.
आणि हे औषध बंद केलं की
वजनाला बहुधा घरचा रस्ता आठवतो.

तो बराच वेळ गप्प.
"भूक जाते म्हणजे नेमकं काय जातं?"
हे कुठल्या पत्रकात नाही.
मी म्हणते, लोक सांगतात, डोक्यात सतत लागलेला रेडिओ
कुणीतरी शेजारच्या खोलीत नेऊन ठेवतं.
तो मान हलवतो. रेडिओ त्याला कळतो.

मग फॉर्म.
घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर?
"नाही."
पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज?
"नाही."
मी खूण करते. तो जाकिटाची चेन ओढतो.
कुणाचं मानेचं ऑपरेशन?
हा प्रश्न फॉर्मवर नाही. मी उगीचच विचारते,
सवयीनं, दाराशी उभ्या माणसाला विचारावा तसा.

चेन अर्ध्यावर थांबते.
"आई उन्हाळ्यातही मफलर घालायची."

निळा.
मला एकदम दिसतो तो.
ऑगस्टात टेकडीवर ब्लूबेरी खुडताना ड्रुसिला पार्डी,
घामानं डबडबलेली, गळ्याभोवती निळी लोकर.
आम्हा सगळ्या पोरांनी पाहिला होता.
कुणी विचारलं नाही.
"ती एकदा सेंट जॉन्सला दोन महिने होती," तो म्हणतो.
"आम्हाला सांगितलं, मावशी आजारी आहे."
जरा थांबून,
"आम्हाला मावशी नव्हती."

मी पेन त्याच्या मुठीतून सोडवून घेते.
बोटं लगेच सुटत नाहीत.
डॉक्टरांना फोन करते. जुने कागद मागवावे लागतील.
थायरॉइडचे कॅन्सर सगळे सारखे नसतात,
त्यातला एक घराण्यात उतरतो.
कोणता होता ते कळेपर्यंत हे इंजेक्शन नाही.
दुसरे मार्ग आहेत, मी म्हणते,
आणि माझंच मला ते पत्रकासारखं ऐकू येतं.

"फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून आलोय,"
तो म्हणतो. रागानं नाही.
मग राग येतो. माझ्यावर, आईवर, त्या लोकरीवर.
टोपी उचलतो, परत ठेवतो.

खिडकीबाहेर हिमनगाचा एक कोपरा तुटतो.
आवाज आपल्यापर्यंत उशिरा पोचतो.

मला अजून एक सांगायचं आहे,
आणि ते त्यालाही कळलंय,
कारण त्यानं खिशातून फोन काढलाय
आणि मुलीचं नाव शोधतोय,
चष्मा न लावता, हात लांब करून.